काळ्या कठड्याचा जिना कसा सजवावा?

प्रश्न : कोल्हापुरात कळंबा रस्त्याला आम्ही नुकताच दुमजली बंगला घेतला. दिवाणखान्यातूनच जिना वर जातो. कठडा लोखंडी असून त्याला काळा रंग आहे; पायऱ्या काळ्या ग्रॅनाइटच्या आणि पायऱ्यांचा उभा भाग पांढरा आहे. बाजूची भिंत निळसर राखाडी, आणि छताला एकच एलईडी पॅनेल. संध्याकाळी हा सगळा कोपरा अंधारून येतो. सासूबाईंना काळा रंगच पटत नाही. कठड्याला पांढरा रंग द्यावा, की आहे तसा ठेवून जिना सजवता येईल? घरात तीन वर्षांची मुलगी आहे.

उत्तर : आपल्या प्रश्नात अंधाराचा सगळा आळ कठड्यावर आला आहे, परंतु वर्णन नीट वाचले, तर तो कोपरा अंधारा करणाऱ्या गोष्टी तीन आहेत आणि त्यांच्यापुढे कठड्याचा वाटा अगदी लहान आहे. ग्रॅनाइट काळा आहे, भिंत राखाडी आहे, आणि दिवा एकच असल्यामुळे जिन्याच्या खालच्या अर्ध्या भागात त्याचा प्रकाश पोहोचण्याआधीच मंदावतो. कठडा म्हणजे शेवटी अर्ध्या-पाऊण इंच जाडीच्या सळ्या. भिंतीच्या मानाने त्यांचे क्षेत्रफळ अगदी किरकोळ असते. म्हणून माझा सल्ला असा, की कठडा काळाच राहू द्यावा, वर धरायला लाकडी हँडरेल सोडली तर त्याच्यावर कायमचे काहीही चढवू नये, आणि जो खर्च व जी हौस करायची ती भिंत, दिवे आणि लँडिंग (जिन्यातला सपाट टप्पा) यांच्यावर करावी.

पांढऱ्या रंगाचा मोह समजण्यासारखा आहे, पण तो दोन कारणांनी टाळावा. पहिले कारण दिसण्याचे. खिडकीला डासांची पांढरी जाळी काढून काळी लावली, की बाहेरचे अधिक स्पष्ट दिसते, हे बहुतेकांनी पाहिलेले असते. पांढरे तंतू प्रकाश परत फेकतात आणि नजर तिथेच अडते, काळे तंतू मात्र नजरेला पलीकडे जाऊ देतात. सळ्यांचेही तसेच आहे. मागची भिंत उजळ केली, की काळा कठडा एका बारीक रेघेपुरता उरतो; त्याच सळ्या पांढऱ्या केल्या, तर काळ्या ग्रॅनाइटवर त्या एकेक मोजून दिसतील. दुसरे कारण देखभालीचे. पावडर कोटिंग जागेवर करता येत नाही, कारण ती पावडर साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत भाजावी लागते. म्हणजे बसवलेला कठडा कापून कारखान्यात न्यावा लागेल. जागेवर देण्याजोगा पर्याय म्हणजे ऑइल पेंट किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंग. त्यांपैकी पांढरा ऑइल पेंट कमी उजेडाच्या जागी काही वर्षांत पिवळट पडतो, आणि जिथे टवका उडेल तिथे खालचा काळा रंग डोकावू लागतो.

सासूबाईंचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेऊ नये. काळा रंग वर्ज्य मानण्याची रीत आपल्याकडे आहेच. तशीच संक्रांतीला हौसेने काळी चंद्रकळा नेसण्याचीही आहे, आणि कोल्हापुरात तर अंबाबाईची मूर्ती आणि तिचे देऊळ दोन्ही काळ्या पाषाणाचे आहेत. १८७७ ते १८८४ या काळात उभा राहिलेला न्यू पॅलेस हा राजवाडाही काळ्या दगडाचाच आहे, आणि तो पाहताना कुणाला उदास वाटत नाही, कारण त्याच्या भोवती बाग आणि वर मोकळे आकाश आहे. तिथे आकाश जे काम करते, ते आपल्या जिन्यात भिंतीकडून आणि दिव्यांकडून करून घ्यायचे आहे. शिवाय सासूबाईंचा हात रोज ज्या भागावर पडणार, तो भाग लाकडी करता येतो. त्याविषयी पुढे लिहितो.

आधी भिंत. निळसर राखाडी भिंत आणि काळा कठडा ही जोडी छायाचित्रांत देखणी दिसते, पण ती छायाचित्रे बहुधा मोठमोठ्या काचांच्या घरांतली असतात. आपल्याकडे जिन्याला जेमतेम एक खिडकी असते, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिच्यातूनही ढगाळ उजेडच येतो. अशा उजेडात राखाडी रंग मळकट दिसतो. अगदी शुभ्र पांढराही नको. काळ्याशेजारी तो कोरडा आणि डोळ्यांना टोचणारा वाटतो. मोतिया, हस्तिदंती किंवा किंचित चंदनी झाक असलेला पांढरा घ्यावा. शेडकार्डवरच्या बोटभर तुकड्यावरून निर्णय घेऊ नये. दोन-तीन छटांचे दोन फूट लांब-रुंद पट्टे जिन्याच्या तळाशी आणि वरच्या लँडिंगवर अशा दोन्ही ठिकाणी मारून, ते सकाळी आणि रात्री दिवे लावून पाहावेत. एकच छटा या दोन जागी वेगवेगळी दिसते, आणि निवड खालच्या अंधाऱ्या जागेचे ऐकून करावी. रंग धुता येण्याजोगा, सौम्य झळाळीचा इमल्शन असावा, कारण जिन्याच्या भिंतीला कमरेच्या उंचीवर हात लागतोच, आणि लहान मुलीचा हात त्याहूनही खाली लागतो.

रंग देण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. ही भिंत जर बाहेरची आणि पश्चिमेकडची असेल, तर गगनबावड्याच्या बाजूने वाऱ्यासोबत येणारा पाऊस तिच्यावर थेट आपटतो, आणि आतल्या बाजूला ओल फुटण्याची शक्यता असते. तसे असेल तर आधी बाहेरून भेगा भरून जलरोधक काम करून घ्यावे आणि भिंत पूर्ण सुकल्यावरच आतून रंग द्यावा. ओलीवर पुट्टी मारून झाकलेली भिंत पुढच्या पावसाळ्यात पोपडे धरते. दुसरी गोष्ट पुट्टीच्या सफाईची. पुढे सांगितलेले दिवे भिंतीवरून घासत जाणारा प्रकाश टाकतात, आणि त्यात पुट्टीतला प्रत्येक खळगा-उंचवटा उघडा पडतो. म्हणून प्रायमर लावण्याआधी रंगाऱ्याला हातात दिवा धरून, तो भिंतीला समांतर फिरवून, खडूने खुणा करायला सांगावे. चांगला रंगारी हे न सांगताही करतो, तरी आपण समोर उभे असलेले बरे.

भिंतीवर दगडी क्लॅडिंग (दगडाचे आवरण) किंवा जाडसर टेक्स्चर करण्याचा आग्रह कुणी धरला, तर नम्रपणे नकार द्यावा. घरगुती जिना तीन-साडेतीन फूट रुंद असतो. त्यातले दीड-दोन इंच दगडाने खाल्ले, की फ्रिज किंवा कपाट वर नेताना रडकुंडीला यावे लागते, कोपरे सोलवटतात आणि खाचांत धूळ बसते ती वेगळीच.

आता दिवे. काळ्या कठड्याच्या जिन्यात सर्वाधिक विचार यांचाच करावा लागतो, आणि नेमका तोच सर्वांत शेवटी व घाईत केला जातो. दिवा कठड्याच्या पलीकडे, म्हणजे दिवाणखान्याच्या बाजूला असेल, तर सळ्यांच्या सावल्या पायऱ्यांवर आडव्या-तिरप्या पडतात. काळ्या ग्रॅनाइटवर या पट्ट्या आणि पायरीची खरी कड यांतला फरक चटकन कळत नाही. वयस्क माणसे अशा जिन्यावर पाऊल चाचपत टाकतात, आणि दोष मात्र गुडघ्यांना देतात. म्हणून मुख्य प्रकाश भिंतीच्या बाजूने आला पाहिजे. त्यासाठी भिंतीत बसणारे छोटे स्टेप लाइट पायरीपासून आठ ते बारा इंच उंचीवर, एकाआड एक पायरीला लावावेत आणि त्यांचा प्रकाश खाली वळणारा असावा. यासाठी भिंतीत झिरी मारून पाइप टाकावे लागतात, म्हणून हे काम रंगाच्या आधी उरकावे. झिरी मारायची नसेल, तर भिंतीच्या बाजूला लाकडी हँडरेल बसवून तिच्या पोटात एलईडी पट्टीचा प्रोफाइल (पट्टी बसवायची अरुंद पन्हळ) लपवता येतो. पायरीच्या पुढे आलेल्या कडेखाली एलईडी पट्टी चिकटवण्याची सध्या मोठी हौस आहे. परंतु गुळगुळीत ग्रॅनाइटमध्ये त्या पट्टीचे ठिपके जसेच्या तसे उमटतात, आणि जिना वऱ्हाडाच्या बससारखा दिसू लागतो. लावायचीच असेल, तर दुधी झाकणाच्या प्रोफाइलमध्ये बसवूनच लावावी.

प्रकाशाची छटा ३००० केल्विनच्या आसपासची, म्हणजे उबदार पांढरी असावी. ६५०० केल्विनच्या निळसर प्रकाशात हस्तिदंती भिंत फिकट पडते आणि काळा रंग शाईसारखा दिसतो. सध्याचे पॅनेल काढायची गरज नाही; ते साफसफाईच्या वेळेसाठी राहू द्यावे, परंतु स्टेप लाइट वेगळ्या बटणावर घ्यावेत, आणि ते बटण टू-वे, म्हणजे खालून व वरून दोन्हीकडून चालू-बंद होणारे असावे. मधल्या पोकळीत झुंबर टांगायचे असेल, तर त्याचा दिवा बदलायला हात कुठून पोहोचणार, हे आधी ठरवावे आणि मगच खरेदीला निघावे.

पायऱ्यांच्या बाबतीत एक धोका आपल्या लक्षात आला नसण्याची शक्यता आहे. खालून पाहताना पांढरे उभे भाग आणि काळ्या पायऱ्या यांचा पट्टेदार मेळ स्पष्ट दिसतो. वरून उतरताना मात्र उभे भाग दिसतच नाहीत. डोळ्यांसमोर उरतो तो सलग काळा ग्रॅनाइट, आणि पायरी कुठे संपते हे ओळखायला काहीच नसते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक पायरीच्या कडेजवळ, साधारण इंच-दीड इंच आत, पितळी पट्टी ग्रॅनाइटच्या पातळीत बसवून घेणे. काळ्यावर पितळ दिसतेही सुरेख, आणि पायरीची कड दिव्याशिवायही कळते. पट्टी गुळगुळीत असल्यामुळे तिच्या शेजारी ग्रॅनाइट कापणाऱ्या कारागिराकडून दोन समांतर खाचा मारून घ्याव्यात, म्हणजे पावसाळ्यात ओल्या पायांनी आलेले माणूस घसरणार नाही. जिन्यावर लांबलचक गालिचा अंथरण्याच्या मी विरुद्ध आहे. आपण घरात अनवाणी वावरतो आणि फरशी रोज ओल्या फडक्याने पुसतो. अशा घरात गालिचा ओलसर राहतो, आणि त्याची कड एकदा सुटली की पाय अडकलाच.

मुलगी लहान असल्यामुळे कठड्याची तपासणी सजावटीच्या आधी व्हावी. चार इंच रुंदीचा पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन तो दोन सळ्यांमधून आडवा आरपार जातो का, हे प्रत्येक ठिकाणी पाहावे. विशेषतः वळणावर आणि भिंतीला टेकतो त्या टोकाला, कारण कठडा बनवणाऱ्या फॅब्रिकेटरचे माप तिथेच बिघडते. पुठ्ठा सहज जात असेल, तर मधे आणखी एक सळी वेल्ड करून घ्यावी. सळ्या आडव्या असतील, तर ती मुलासाठी आयती शिडी होते; मग मूल मोठे होईपर्यंत आतल्या बाजूने पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा बांधलेला बरा. वरच्या मजल्यावरील मोकळ्या कडेचा कठडा निदान साडेतीन फूट उंच असावा, आणि त्याच्याजवळ स्टूल, कुंडी, खुर्ची असे पाय देऊन चढण्याजोगे काहीही ठेवू नये.

यानंतर खऱ्या अर्थाने सजावट, आणि ती मुख्यतः भिंतीवरच्या तसबिरींची. काळ्या कठड्यामुळे इथे एक आयती सोय होते: कठड्याची तिरपी रेघ भिंतीवर पुन्हा उमटवली, की दोन्ही बाजू एकमेकींशी जुळतात. ती उमटवण्याची रीत अशी. प्रत्येक तिसऱ्या पायरीच्या कडेपासून सरळ वर चार फूट दहा इंचांवर पेन्सिलने खूण करावी, आणि या खुणा रंगाऱ्याच्या दोरीने जोडाव्यात. ही रेघ कठड्याला समांतर येते. मोठ्या तसबिरींचे मध्य या रेघेवर घ्यावेत आणि लहान तसबिरी तिच्या वर-खाली, दोन ते तीन इंच अंतर राखून बसवाव्यात. भिंतीला भोक पाडण्याआधी रद्दीच्या वर्तमानपत्रातून तसबिरींच्या मापाचे कागद कापून ते चिकटटेपने लावावेत आणि दोन-चार दिवस तसेच राहू द्यावेत. जाता-येता कुठला कागद खटकतो, ते आपोआप कळते.

चौकटी काळ्या घ्यायच्या असतील तर बारीक, अर्ध्या-पाऊण इंचाच्या घ्याव्यात आणि चित्राभोवती रुंद पांढरा माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची कड, ठेवावा. मला स्वतःला अशा जिन्यात सागवानी चौकटी अधिक आवडतात. काळा रंग कठड्यापुरताच राखला, की त्याचा मान राहतो. अरुंद जिन्यात खांदा लागण्याचा संभव असल्याने काचेऐवजी अॅक्रिलिक वापरावे, आणि तसबिरीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना रबराच्या गोट्या लावाव्यात, म्हणजे भिंत आणि चौकट यांमधून हवा खेळते आणि पावसाळ्यात मागे बुरशी धरत नाही.

काय लावावे, हा ज्याच्या त्याच्या घराचा प्रश्न आहे. तरीही बाजारात मिळणारी परदेशी शहरांची कृष्णधवल चित्रे घेण्याआधी घरातली ट्रंक उघडावी, असे सुचवतो. फेटा बांधलेल्या आजोबांचे स्टुडिओतले छायाचित्र, तालमीतल्या मंडळींचा रांगेत बसलेला फोटो, रंकाळ्याच्या काठावरची एखादी कौटुंबिक सहल, हे कृष्णधवल ऐवज काळ्या कठड्यासमोर जितके शोभतात तितके दुसरे काही शोभत नाही. मूळ फोटो मात्र लावू नये. त्याची चांगली प्रत काढून ती लावावी आणि मूळ प्रत अंधारात, कोरड्या जागी ठेवावी. देवादिकांच्या तसबिरी जिन्याच्या भिंतीवर नसाव्यात, कारण वर चढणाऱ्याचे पाय त्यांच्या पातळीला येतात, आणि सासूबाईंना ते नक्कीच आवडणार नाही.

लँडिंगची भिंत ही जिन्यातली एकमेव जागा आहे, जिच्याकडे माणूस सरळ समोरून पाहतो. तिथे अनेक लहान वस्तू न मांडता एकच मोठी वस्तू असावी. आपल्याच जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीची हातमागावरची घोंगडी लाकडी दांडीवरून सरळ सोडली, तर लोकरीचा खरखरीतपणा आणि कठड्याचे गुळगुळीत लोखंड यांची जोडी फार देखणी दिसते. घोंगडी वर्षातून एक-दोनदा कडक उन्हात घालावी आणि उतरवून घडी करून ठेवली तर घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा, म्हणजे कसर लागत नाही. कोपऱ्यात घरातली जुनी तांब्याची घागर किंवा पितळी हंडा ठेवता येईल. कुंड्यांच्या बाबतीत संयम बाळगावा; पायऱ्यांवर एकही कुंडी नको. लँडिंगला खिडकी असेल, तर तिथे स्नेक प्लांट पुरेसे आहे. मनी प्लांटचा वेल कठड्यावर चढवू नये, कारण धरायच्या जागी पाने येतात, आणि पाणी घालताना ओघळ सळ्यांवरून खाली उतरतात.

लाकडी हँडरेलचा विषय आता घेतो. कठड्याच्या वर बहुधा लोखंडी पट्टी किंवा चौकोनी पाइप असेल. त्यावर सागवानाची गोलसर हँडरेल खालून स्क्रूने बसवता येते, आणि या एका बदलाने संपूर्ण कठड्याचा तोरा बदलतो. तिची जाडी मुठीत मावेल अशी, म्हणजे दीड ते दोन इंचांच्या दरम्यान असावी. चार इंची रुंद फळी भारदस्त दिसते, पण घसरताना ती मुठीत पकडता येत नाही. पॉलिश मॅट ठेवावे आणि सागाचा मूळ रंग राखावा, त्याला गडद अक्रोडी छटा देऊ नये. थंडीत पहाटे उठणाऱ्या माणसाला लोखंडाऐवजी लाकूड हाताला लागणे किती सुखाचे असते, हे सासूबाई स्वतःच सांगतील.

कठड्याची निगा राखण्यात एक जागा हमखास दुर्लक्षित राहते, ती म्हणजे उभा खांब पायरीला टेकतो तिथली तळपट्टी. रोज पुसताना तिथे पाणी साचते, रंगाखालून गंज सुरू होतो, आणि दगडावर तपकिरी कडे उमटते. ती जागा घासून, गंज काढून, प्रायमर आणि काळा रंग द्यावा, आणि पट्टीच्या कडेने काळ्या सिलिकॉन सीलंटची बारीक रेघ भरून घ्यावी. उभ्या पांढऱ्या भागाला मार्बल वापरला असेल, तर त्यावरचा डाग काढण्यासाठी ॲसिड, लिंबू किंवा व्हिनेगर अजिबात वापरू नये. मार्बल ॲसिडमध्ये विरघळतो आणि झळाळी कायमची जाते. कठड्याच्या रोजच्या सफाईला किंचित ओलसर मायक्रोफायबर फडके आणि लगेच कोरडे फडके एवढे पुरते. रॉकेल किंवा थिनर लावला तर चकाकी मरते. काळ्यावर धूळ दिसते, ही तक्रार खरी आहे. पण उसाचा हंगाम लागून पाचट पेटली की उडत येणारी काजळी पांढऱ्यावर अधिक दिसते, तेव्हा या बाबतीत दोन्ही रंग सारखेच.

राहिले सणवार. गौरी-गणपतीत, दसऱ्याला किंवा घरातल्या कार्याला कठडा जरूर सजवावा, कारण झेंडूचा केशरी-पिवळा रंग काळ्यावर जितका खुलतो तितका पांढऱ्यावर खुलत नाही. माळा उघड्या तारेने बांधू नयेत. तार रंगावर ओरखडे काढते आणि त्या ओरखड्यांतून पुढच्या पावसाळ्यात गंज फुटतो. सुती दोरा किंवा कापडी पट्टी वापरावी, आणि फुले सुकू लागताच, ती कुजून ओघळ सोडण्यापूर्वी उतरवावीत. पणत्या पायऱ्यांवर मांडू नयेत. साडीच्या आणि परकराच्या घोळाला त्या सर्वांत जवळ येतात, आणि सांडलेले तेल गुळगुळीत ग्रॅनाइटवर पाय टिकू देत नाही. त्या लँडिंगच्या खिडकीत ताम्हणात ठेवाव्यात.

विजेच्या माळांविषयी मात्र मी कठोर आहे. लोखंडी कठड्यातून वीज वाहते, आणि थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या स्वस्त माळेचे आवरण एका ठिकाणी जरी सोललेले असले, तरी संपूर्ण कठड्यात प्रवाह उतरू शकतो. तोच कठडा धरून तुमची मुलगी जिना चढणार आहे. बॅटरीवर किंवा कमी व्होल्टेजच्या ॲडॅप्टरवर चालणाऱ्या माळाच कठड्याला गुंडाळाव्यात, ॲडॅप्टर मुलीच्या हाताला लागणार नाही इतका वर ठेवावा, आणि घराच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला आहे का, हे स्टेप लाइटचे काम करायला येणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडून त्याच फेरीत तपासून घ्यावे.